भेटीची गोधडी : कापड किती, तास किती?

भेट म्हणून गोधडी शिवायला घेतलेल्या अनेक वाचकांचे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात, ती म्हणजे खर्च. कापडाचे दर ठिकाणागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून इथे सगळी उत्तरे मीटर, इंच आणि तासांत दिली आहेत. आपल्याकडचा दर घालून गुणाकार करावा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, सगळीकडे ४४ इंची धरला आहे. तो धुऊन आटला आणि दोन्ही किनारी काढल्या, की हाती ४० इंच येतात असे समजून हिशेब केला आहे. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटते, त्यामुळे लांबीतही ५ टक्के वाढ धरली आहे. माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडायचे कापड, अस्तराचा जोड सोडला तर सगळीकडे पाव इंच, म्हणजे दोन सूत.

प्रश्न : मैत्रिणीसाठी ४८ बाय ६० इंचांची, मांडीवर घेण्याजोगी गोधडी शिवायची आहे. सहा इंची चौकोन ठरवले आहेत. दुकानात जाण्याआधी सामानाचा पक्का आकडा हवा आहे.

आडवे ८ आणि उभे १०, असे एकूण ८० चौकोन. शिवल्यावर ६ इंच राहायचे असतील, तर कापताना साडेसहा इंच घ्यावे लागतात. ४० इंचांच्या पन्ह्यात साडेसहाचे ६ चौकोन बसतात, म्हणून १४ पट्ट्या. चौदा साडेसहा म्हणजे ९१ इंच. आटण्याची वाढ धरून ९६ इंच. वरच्या थरासाठी अडीच मीटर कापड पुरते, मात्र ते एकाच किंवा दोनच छापांचे असेल तर. छाप वाढवले की काय होते, ते पुढच्या उत्तरात पाहा.

अस्तर वरच्या थराहून चारही बाजूंनी ३ इंच मोठे हवे, म्हणजे ५४ बाय ६६. शिवताना थर थोडे सरकतात आणि वरचा थर पसरतो. अस्तर बरोबरीचे कापले तर शेवटच्या कोपऱ्यात ते कमी पडते आणि तोपर्यंत उसवण्याची सोय राहिलेली नसते. एका पन्ह्यात ५४ इंच मावत नाहीत, म्हणून जोड आला. इथे बहुतेक जण ६६ इंचांचे दोन लांब तुकडे घेऊन उभा जोड देतात आणि त्याला साडेतीन मीटर कापड जाते. त्याऐवजी ५४ इंचांचे दोन तुकडे घेऊन जोड आडवा द्या. दोन पन्हे एकाखाली एक जोडले, की दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच माया जाऊन ७९ इंच उंची मिळते आणि तुम्हाला ६६ च हवी आहे. कापड लागते २ मीटर ९० सेंटीमीटर. ३ मीटर घ्या. अट एकच : छापाला वर-खाली अशी दिशा असेल, तर तो आडवा दिसेल.

या पद्धतीत १३ इंचांची, ५४ इंच लांबीची पट्टी शिल्लक राहते. मगजीसाठी, म्हणजे कडा बंद करणाऱ्या पट्टीसाठी, परिमिती २१६ इंच, त्यात कोपरे आणि जोड यांचे १२ इंच धरले की २२८. शिल्लक पट्टीतून अडीच इंच रुंदीच्या ५ पट्ट्या निघतात, म्हणजे २७० इंच. मगजीचे वेगळे कापड घ्यावेच लागत नाही. शिवाय या पट्ट्या उभ्या धाग्यात कापलेल्या असतात, त्या कमी ताणल्या जातात आणि कडा लाटांसारखी फुगत नाही.

भराव ५४ बाय ६६ इंचांचा एकसंध तुकडा. दोरा : चौकोन जोडायला सुमारे साडेबावीस मीटर शिवण आहे. दर दोन इंचांवर मशीनची टीप मारली तर तिची ३५ मीटर, मगजीची साडेपाच. मशीनला वरचा दोरा आणि बॉबीन मिळून शिवणीच्या तिप्पट दोरा धरावा. एकूण सुमारे १९० मीटर होतात. ५०० मीटरचे एक रीळ दोन गोधड्यांना पुरते.

थोडक्यात, साडेपाच मीटर कापड, एक तुकडा भराव, अर्ध्याहून कमी रीळ आणि एक नवी सुई. सुईचा खर्च टाळू नका. बोथट सुई टाके गाळते, कापडाचे धागे ओढते आणि तीन थरांतून जाताना अस्तरावर दोऱ्याचे फुगे सोडते. आठेक तास शिवण झाली की सुई बदलावी. वरचा थर जोडायला ८० नंबरची, तिन्ही थर शिवायला ९० नंबरची.

प्रश्न : वेगवेगळ्या छापांचे पाव-पाव मीटरचे १४ तुकडे घेतले. सहा इंची चौकोन कापले आणि निम्मे कापड वाया गेल्यासारखे वाटते आहे. माझे काय चुकले?

निम्मे नाही, पण बरेच गेले आहे. पाव मीटर म्हणजे पावणेदहा इंचांना थोडे जास्त. आटून ते सव्वानऊच्या आसपास येते. त्यातून साडेसहाची एकच पट्टी निघते आणि पावणेतीन इंच उरतात. चौदा तुकड्यांत साडेतीन मीटर कापड गेले, जिथे सलग कापडात अडीच पुरले असते. वरचा एक मीटर ही विविधतेची किंमत आहे. ती मोजायला हरकत नाही, पण जाणून मोजावी.

तुमच्याकडचे उरलेले तुकडे अजून कामाचे आहेत. पावणेतीन इंचांच्या त्या पट्ट्या अडीच इंचांवर सारख्या करा. त्यातल्या ७ पट्ट्या तिरप्या जोडांनी एकमेकींना जोडल्या की ४८ बाय ६० च्या गोधडीची पूर्ण मगजी होते, तीही रंगीबेरंगी आणि वरच्या थराशी जुळणारी. जोड ४५ अंशांत द्या. सरळ जोडात दुमडलेल्या मगजीचे सगळे पदर एकाच जागी येतात आणि तिथे गाठ आल्यासारखी जाडी होते.

पुढच्या वेळी दोन वाटा आहेत. सहा इंची चौकोनच हवे असतील, तर छाप सातच घ्या आणि प्रत्येकी ४० सेंटीमीटर घ्या. आटूनही १५ इंच राहतात, दोन पट्ट्या म्हणजे १२ चौकोन निघतात, सात छापांचे ८४. एकूण २ मीटर ८० सेंटीमीटर. ३५ सेंटीमीटरमध्येही दोन पट्ट्या निघतील असे कागदावर दिसते, पण आटल्यावर तिथे सुताएवढीही सवड राहत नाही. दुकानात कापड जरा तिरके कापले गेले तर दुसरी पट्टी हातची जाते. दुसरी वाट म्हणजे पाव मीटरचे तुकडे ठेवून चौकोन ४ इंची करणे. साडेचार इंचांच्या दोन पट्ट्या पाव मीटरमध्ये नेमक्या बसतात आणि १६ चौकोन मिळतात. मग १८० चौकोनांना १२ तुकडे पुरतात. कापड ३ मीटरवर येते, पण जोड दुपटीने वाढतात. ते तास कोणाचे, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

प्रश्न : तुकडे लहान केले तर कापड कमी लागते का? घरात चिंध्या खूप आहेत.

कमी लागत नाही, जास्तच लागते. प्रत्येक तुकड्याच्या चारही बाजूंची माया शिवणीत जाते. तीच ४८ बाय ६० ची गोधडी घ्या.

बारा इंची चौकोन : २० तुकडे, सुमारे २ मीटर ४० सेंटीमीटर कापड, १० मीटर शिवण.

सहा इंची : ८० तुकडे, अडीच मीटर कापड, साडेबावीस मीटर शिवण.

तीन इंची : ३२० तुकडे, २ मीटर ८५ सेंटीमीटर कापड, ५० मीटर शिवण.

कापडात अर्ध्या मीटरचाही फरक नाही. शिवण मात्र पाचपट झाली, आणि तुकडे सोळापट. प्रत्येक तुकडा कापायचा, मांडायचा, जोडायचा आणि त्याची माया इस्त्रीने बसवायची. भेटीच्या गोधडीत खर्च वाढतो तो बहुधा इथेच, कापडाच्या बिलात तो दिसत नाही. म्हणून चिंध्या फुकट असल्या तरी तीन इंची नक्षी निवडताना ती ‘स्वस्त’ म्हणून निवडू नका. ती सुंदर दिसते म्हणून निवडा, आणि तेवढे दिवस हाताशी ठेवा.

लहान तुकड्यांत चूकही साठत जाते. माया पाव इंचाऐवजी अर्धे सूत जास्त गेली, तर प्रत्येक जोडाला एक सूत कापड आत जाते. सहा इंचीत एका ओळीत ७ जोड असतात, म्हणजे पाऊण इंचाच्या वर ओळ आखडते. तीन इंचीत १५ जोड, म्हणजे जवळजवळ दोन इंच. ४८ ची गोधडी ४६ ची होते आणि आधीच कापून ठेवलेली कडेची पट्टी बसत नाही. दोन चौकोन जोडून, इस्त्री करून मोजा. सहा इंचीच्या जोडीची रुंदी साडेबारा इंच भरली पाहिजे. ती भरली नाही तर मशीनवरची खूण सरकवा, मगच पुढे जा.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या शर्टांची गोधडी करून आईला द्यायची आहे. कापडाचा खर्च शून्य धरू ना?

वरच्या थराचा दर शून्य धरा, पण अस्तर, भराव आणि वेळ यांचा हिशेब तसाच राहतो. उलट वेळ वाढतो. शर्ट उसवून, कॉलर, कफ, खिसे आणि शिवणी काढून सपाट कापड हाती यायला बराच अवधी जातो. मोठ्यांच्या एका शर्टातून साडेसहा इंचांचे १२ ते १५ चौकोन धरून चाला. पाठीतून सर्वांत जास्त, मग बाह्यांतून. ८० चौकोनांना ६-७ शर्ट लागतील.

कापायच्या आधी प्रत्येक शर्टाची पाठ उजेडासमोर धरा. विरळ दिसते तिथे कापू नका. दोन्ही हातांनी आडवे आणि उभे जरा जोराने ओढा. धागे सरकले किंवा करकर आवाज आला, तर ते कापड गोधडीत एक-दोन धुण्यांतच फाटेल. कोपर, खांदे आणि कॉलरच्या खालची जागा सहसा आधीच झिजलेली असते. एखादा झिजलेला पण मनाजवळचा तुकडा ठेवायचाच असेल, तर त्याच्या पाठीला पातळ मलमल लावा आणि दोन्ही मिळून एकच तुकडा समजून शिवा.

जुने कापड आटून चुकलेले असते. त्याच्याशेजारी न धुतलेले नवे कापड लावले, तर पहिल्या धुण्यात नवे आटते, जुन्याला ओढते आणि चौकोन पिशवीसारखे फुगतात. नवे आधी धुऊन घ्या.

टी-शर्ट असतील तर खर्च शून्य राहत नाही. विणीचे कापड ताणते, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पाठीला न ताणणारे चिकट कॅनव्हास इस्त्रीने लावावे लागते, आणि तेही कापण्याच्या आधी. आधी चौकोन कापला आणि मग कॅनव्हास लावले, तर चौकोन वाकडाच चिकटतो. म्हणजे वरच्या थराएवढेच कॅनव्हास विकत आले. जाड जीन्सची गोधडी करत असाल तर भराव गाळा, दोनच थर ठेवा. वजन आणि खर्च, दोन्ही उतरतात.

खिसा किंवा बटणपट्टी तशीच ठेवावीशी वाटते, आणि अशा गोधडीत ती ठेवावीच. फक्त बटणे मशीनच्या टिपेच्या वाटेत येणार नाहीत अशी मांडणी करा.

प्रश्न : भराव कुठला घ्यावा? पॉलिएस्टर स्वस्त मिळते. घरात एक जुने ब्लँकेटही आहे.

भरावाच्या पाकिटावर किंवा गुंडाळीवर एक आकडा असतो : दोन शिवणींतले जास्तीत जास्त अंतर. कुठे तो २ इंच असतो, कुठे १०. दराआधी हा आकडा बघा, कारण तुमचे तास तो ठरवतो. स्वस्त भराव दर दोन इंचांवर टीप मागत असेल आणि जरा महाग भराव आठ इंच चालवून घेत असेल, तर महाग भरावच तुम्हाला स्वस्त पडतो.

पॉलिएस्टर हलके, आटत नाही, लवकर वाळते. पण हलक्या प्रतीच्या पॉलिएस्टरचे तंतू कापडाच्या विणीतून बाहेर येतात आणि गडद रंगावर पांढरी लव दिसू लागते. एकदा सुरू झाले की त्यावर उपाय नाही. गडद कापडाची गोधडी असेल तर ते टाळाच. सुती भराव चापून बसतो, वजनदार लागतो, धुतल्यावर थोडा आटून गोधडीला सुरकुतलेला मऊपणा देतो. पिंजलेला सुटा कापूस घालायचा असेल तर टाके जवळजवळ, इंच-दीड इंचावर घ्यावे लागतात, नाहीतर पहिल्याच धुण्यात त्याचे गोळे होऊन ते कोपऱ्यात जमतात.

जुने ब्लँकेट सुती असेल आणि झिजलेले नसेल तर जरूर वापरा. लोकरीचे असेल आणि आधी गरम पाण्यात धुतलेले नसेल, तर ते पुढे आटून सगळी गोधडी आखडून टाकेल. हाताने शिवणार असाल तर सुई आरपार जाते का, ते एका कोपऱ्यात वीतभर शिवून पाहा.

भरावाचे उरलेले तुकडे टाकू नका. त्यांच्या कडा सरळ कापून एकमेकांना भिडवा, एकावर एक चढवू नका, आणि वरून मोठा झिगझॅग टाका घाला. हाताने करायचे तर सैल मच्छीटाका. चढवलेला जोड बोटाला कायम लागत राहतो.

प्रश्न : बाळासाठी गोधडी करते आहे. ४० बाय ४५ इंच ठीक होईल का?

३६ बाय ४५ करा. लहान गोधडीला अस्तराचे २ इंच जास्तीचे पुरतात. ३६ ची रुंदी एका पन्ह्यात मावते आणि अस्तर १ मीटर ३५ सेंटीमीटरमध्ये होते, जोडही येत नाही. ४० केली की ४४ इंच अस्तर हवे, ते पन्ह्यात बसत नाही, जोड द्यावा लागतो आणि अस्तर २ मीटर ३५ सेंटीमीटरवर जाते. चार इंचांसाठी एक मीटर. ४० च हवी असेल, तर अस्तराच्या मधोमध वरच्या थरातून उरलेल्या तुकड्यांची ५-६ इंची पट्टी घाला. पाठही शोभते आणि तो मीटर वाचतो.

बटणे, मणी, सुट्या गाठी, लोंबते दोरे घालू नका. आणि भेट देताना हे स्पष्ट सांगा : वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी गोधडी, उशी असे काहीही सुटे ठेवायचे नसते, गुदमरण्याचा धोका असतो. ही गोधडी जमिनीवर अंथरून बाळाला खेळवायला, आणि मोठे झाल्यावर पांघरायला.

प्रश्न : हाताने धावदोरा घालावा, मशीनवर टीप मारावी की गाठी माराव्यात? वेळेत किती फरक पडतो?

तुमच्या हाताचा वेग आम्ही सांगू शकत नाही, पण तो मोजता येतो. उरलेल्या कापडाचे आणि भरावाचे तीन थर घेऊन त्यावर एक मीटर धावदोरा घाला आणि घड्याळ बघा. सुई ओवणे, दोऱ्याला गाठ मारणे, गाठ आत ओढून घेणे, सगळे त्यात धरा.

४८ बाय ६० च्या गोधडीवर इंच-इंच अंतराने आडव्या ओळी घातल्या तर ५९ ओळी होतात, म्हणजे ७२ मीटर. मीटरला १५ मिनिटे लागत असतील तर १८ तास. ओळी दोन इंचांवर नेल्या तर ३५ मीटर, पावणेनऊ तास. ओळींतले अंतर हा तुमच्या हातातला सर्वांत मोठा निर्णय आहे आणि तो भरावाच्या आकड्याच्या आत राहून घ्यायचा आहे. दोरा एका वेळी ४५ सेंटीमीटरच घ्या. लांब घेतला तर ओवण्याचा वेळ वाचेल असे वाटते, पण दर टाक्याला तोच दोरा सुईच्या नेढ्यात आणि कापडात घासतो, पिंजारतो, पिळतो आणि मध्येच तुटतो. पलंगाच्या चादरीचे घट्ट विणीचे कापड अस्तराला घेतले असेल, तर हाताची सुई त्यात अडते आणि हा वेळ सहज वाढतो. हाताने शिवायचे असेल तर अस्तर सैल विणीचे, मऊ घ्या. मशीनला ती चादर चालते, आणि मोठ्या चादरीत जोडही लागत नाही.

गाठी चार-चार इंचांवर मारल्या तर ११ गुणिले १४, म्हणजे १५४ गाठी होतात. भरावाचा आकडा चारपेक्षा कमी असेल तर ही वाट बंद. गाठ दुहेरी, उजवे टोक डाव्यावर आणि मग डावे उजव्यावर अशी मारा. दोन्ही वेळा एकाच बाजूने मारलेली गाठ धुण्यात सुटते. गाठींची गोधडी कमी दर्जाची, असा एक समज आहे. आम्हाला तो पटत नाही. फुगीर भरावाला गाठीच जास्त शोभतात.

मशीनवर वेळ सर्वांत कमी, पण थर नीट टाचले असतील तरच. अस्तर उलटे पसरून चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला ताणून बसवा, ताणा पण खेचू नका. त्यावर भराव, त्यावर वरचा थर. मधून सुरुवात करून कडेकडे दर चार इंचांवर पिन लावा, किंवा हाताने कच्चा दोरा घाला. कच्च्या दोऱ्याचा खर्च नगण्य आणि पाठीवर घडी पडण्याची शक्यताही कमी. फवाऱ्याचा गोंद झटपट काम करतो, पण तो दर गोधडीला पुन्हा विकत घ्यावा लागतो. पिना एकदाच.

प्रश्न : ओळखीतल्या एकांना मी भेट दिलेली गोधडी आवडली. आता ते म्हणतात, ‘सामानाचे पैसे देतो, तशीच एक मला करून दे.’ काय सांगू?

तास सांगा. बहुतेक लोक कमी पैसे देऊ करतात ते कमी लेखण्यासाठी नव्हे, त्यांना आकडाच माहीत नसतो. पुढची गोधडी शिवताना वहीत टप्प्याटप्प्याने वेळ लिहा : धुणे आणि इस्त्री, कापणे, जोडणे, टाचणे, शिवणे, मगजी. मगजी हाताने टाचायची असेल तर तिच्या सव्वादोनशे इंचांना लागणारा वेळ विसरला जातो, तोही लिहा. मग एकूण किंमत म्हणजे सामान, अधिक तास गुणिले तुमचा तासाचा दर, अधिक सुया, ब्लेड, वीज आणि पाठवणावळ. सुती गोधडी ४८ बाय ६० ची असली तरी वजन एक किलोच्या आसपास भरते, तेव्हा टपाल खर्च किरकोळ समजू नका.

आकडा जड वाटला तर दर पाडू नका, काम कमी करा. सहा इंचीऐवजी बारा इंची चौकोन, धावदोऱ्याऐवजी मशीनची टीप. तीच रंगसंगती, तेच माप, निम्म्याहून कमी तास. दोन्ही आकडे समोर ठेवले की निवड त्यांची राहते. आणि सामानाच्या पैशांतच करून द्यावेसे मनापासून वाटत असेल, तर ती भेटच आहे. तसे उघड सांगून द्या, म्हणजे पुढच्या मागणीच्या वेळी तुम्हाला अवघडल्यासारखे होणार नाही.

प्रश्न : भेट दिलेल्या गोधडीचा लाल रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्या चौकोनांवर उतरला. मीठ किंवा व्हिनेगर घालून कापड भिजवायला हवे होते का?

त्याने रंग पक्का झाला नसता. आजच्या सुती कापडावरच्या रंगांना मीठ किंवा व्हिनेगर नंतर घालून बांधता येत नाही. कच्चा रंग धुऊन काढणे हाच उपाय आहे. लाल, गडद निळे, काळे आणि जांभळे कापड वेगळे, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मग ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवा. रुमालावर डाग आला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका, कितीही आवडले असले तरी.

आता झालेल्या गोधडीसाठी : ती कडक उन्हात वाळवू नका, इस्त्री तर अजिबात नको. भरपूर, हाताला सोसेल त्याहून गरम पाण्यात डिटर्जंट घालून ती पूर्ण बुडवा आणि रात्रभर राहू द्या. पाणी भरपूर हवे, म्हणजे सुटलेला रंग पाण्यातच विरळ होतो आणि पुन्हा कापडावर बसत नाही. पाणी रंगीत झाले तर तेच परत करा. वाळून गेलेली असली तरी हा प्रयत्न करून पाहा. पुष्कळदा फरक पडतो. मात्र भराव लोकरीचा असेल तर गरम पाणी वापरू नका.

यापुढे भेटीसोबत एक छोटी चिठ्ठी द्या : कापड कुठले, भराव कुठला, पाणी गार की कोमट, वाळवायची सावलीत. लोक गोधडी जपून कपाटात ठेवतात ती खराब होईल या भीतीने. कशी धुवायची ते कळले की ती वापरात येते.

प्रश्न : मगजी न लावता अस्तरच पुढे दुमडून कडा बंद केली तर बचत होईल ना?

होईल, थोडी. पण गोधडी सर्वांत आधी कडेलाच झिजते. वेगळी दुपदरी मगजी असेल तर ती काही वर्षांनी उसवून नवी लावता येते. अस्तर दुमडले असेल तर कडा फाटल्यावर अस्तरच फाटते. वर सांगितल्याप्रमाणे अस्तराच्या शिल्लक पट्टीतून मगजी फुकट निघत असताना ही बचत करू नये. उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेत कापलेल्या, पट्टीचीही गरज नाही. कडा गोलाकार किंवा कंगोऱ्याची असेल तरच उरेब घ्या. सरळ कडेला सरळ पट्टी पुरते आणि कापडही कमी जाते.